डोस-रिस्पॉन्स मॉडेलिंग नवीन आहे? आधी ग्राफ काढ

घाबरू नकोस, सगळ्यांचं सुरुवातीला असंच होतं. डोस-रिस्पॉन्स मॉडेलिंग म्हणजे एखाद्या पदार्थाचा डोस बदलला की परिणाम किती बदलतो, ते गणिताच्या मॉडेलने मांडणं. सॉफ्टवेअर नंतर, आधी डेटा कागदावर काढ, आडवा डोस, उभे किती टक्के उंदीर आजारी पडले ते, आणि नुसतं बघत बस थोडा वेळ, कारण डोस वाढूनही परिणाम वाढत नसेल तर कुठलंच मॉडेल तुला वाचवणार नाही.

मग एवढं सांभाळ:

- युनिट. पेपरात खाद्यातलं पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) असतं, तुला हवं दर किलो वजनामागे रोजचे मिलिग्रॅम. माझं पहिलं अख्खं काम इथेच पाण्यात गेलं.
- एनओएईएल (ज्या सर्वांत मोठ्या डोसला वाईट परिणाम दिसला नाही तो) म्हणजे 'शून्य धोका' नव्हे. तो प्रयोगात दिलेल्या डोसपैकीच एक असतो, आणि उंदीर कमी घेतले की उगाच वर सरकतो. म्हणून तर बेंचमार्क डोस (बीएमडी), म्हणजे आधी ठरवलेल्या प्रमाणात परिणाम करणारा डोस, मॉडेलवरून काढायचा. हो-नाही टाइप डेटाला १० टक्के एक्स्ट्रा रिस्कने (डोस नसतानाही आजारी पडले असते ते सोडून उरलेल्यांपैकी १० टक्के) सुरू कर, पण पुढे वापरायचा तो बीएमडी नाही, त्याच्या अंदाजाची खालची मर्यादा म्हणजे बीएमडीएल. इथे जवळपास प्रत्येकजण एकदा तरी घसरतो.
- एआयसी (मॉडेलांची तुलना करायचा आकडा, कमी तितका बरा) कमी दिसला की लगेच मॉडेल उचलू नको, आधी फिट (मॉडेलची रेषा डेटाला किती जुळते ते) बघ, खास करून कमी डोसपाशी.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं, बेंचमार्क डोस काढायचं सॉफ्टवेअर बीएमडीएस फुकट आहे, त्यावर हात बसव. बेझियन मॉडेल अ‍ॅव्हरेजिंग (अनेक मॉडेलांची वजन देऊन सरासरी) वगैरे सध्या राहू दे.