सावलीत काय लावायचं? वाचकांचे प्रश्न

पाऊस तोंडावर आला की 'ऊन येत नाही, काय लावू?' अशी पत्रं सुरू होतात. यंदाची एकत्र घेतो. उत्तरं कोकण आणि घाटमाथ्यापुरती आहेत.

प्रश्न: इमारतीच्या मागे दिवसभर सावली असते. मोगरा फुलेल का? (ठाणे)

नाही. सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळत असेल तर तगर किंवा कुंती लावा.

प्रश्न: हापूसच्या कलमाखाली काही टिकत नाही. नर्सरीवाले मातीची भर घालून शोभेची झाडं लावा म्हणतात. (रत्नागिरी)

भर अजिबात घालू नका, बुंध्याची साल कुजते. शिवाय मोहोर येण्याआधी कलमाला पाण्याचा ताण बसावा लागतो आणि शोभेच्या झाडांना नेमकं तेव्हाच पाणी घालावं लागतं. तिथे पेव आणि रानहळद लावा. पावसाबरोबर कंदातून वर येतात, पावसाळ्यात फुलतात आणि थंडीत पानं वाळून जमिनीखाली निजतात. त्या दिवसांत त्यांना पाणी लागतच नाही. पेवाच्या लालसर कणसातून चुरगळलेल्या पातळ कागदासारखी पांढरी फुलं रोज एक-दोन उमलतात. कंद बुंध्यापासून लांब, सावलीच्या कडेला लावा. कलमं उत्पन्नाची असतील तर कुदळ मारण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) जागा दाखवा.

प्रश्न: परसात पऱ्ह्याच्या (लहान ओढ्याच्या) काठी सावली आहे. जमीन झाकायला वेडेलिया सुचवली आहे. स्वस्त आहे, मरत नाही आणि आता देशीच झाली आहे, असं सांगतात. (सावंतवाडी)

कृपा करून लावू नका. वेडेलिया मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडची. जगातल्या शंभर अतिउपद्रवी आक्रमक प्रजातींची यादी आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या तज्ज्ञगटाने केली आहे, तीत हिचं नाव आहे. 'मरत नाही' हा विक्रेत्यांना गुण वाटतो, मला त्याचीच धास्ती वाटते. जमिनीला टेकलेलं प्रत्येक पेर मुळं धरतं, कापून फेकलेला तुकडाही रुजतो. तुमच्याकडे तर शेजारी पऱ्ह्या. एका पुरात तुकडे खालच्या वाडीपर्यंत जातील आणि काठावरचा तेरडा, नेचे त्या जाड गालिच्याखाली गुदमरतील. इतकं करून सावलीत ती फुलतही नाही धड! झटपट हिरवळीच्या नावाखाली हे रोप विकणं थांबलं पाहिजे.

आधीच लावली असेल तर पुढच्या वर्षावर ढकलू नका. पावसाआधी मुळांसकट खणा, ताडपत्रीवर कडकडीत वाळवा, पऱ्ह्यात टाकू नका. पाऊस पडल्यावर पुन्हा फिरून पाहा, राहिलेलं पेर फुटलेलं दिसेलच.

तिथे ओलीत मंडूकपर्णी लावा, थोड्या उंच जागी लेंडी पिंपळी पसरू द्या. आपोआप आलेले नेचे राहू देत, पण रानातून उपटून आणू नका. पऱ्ह्यात सांडपाणी येत असेल तर मंडूकपर्णी खाऊ नका, आणि औषध म्हणून घ्यायची तर वैद्यांना विचारूनच.

प्रश्न: दोन घरांमधल्या सावलीत अशोक लावला. उंच झाला, पण केशरी फुलं नाहीत. (कोल्हापूर)

सरळसोट वाढलेलं, नागमोडी कडांच्या पानांचं झाड असेल तर तो आसुपालव. त्याला हिरवट फुलं येतात, केशरी कधीच येणार नाहीत. सीताअशोकाची कोवळी पालवी तांबूस असते आणि ओढणीसारखी लोंबते. फुलांचे झुबके थेट जुन्या फांद्यांवर येतात. अर्धवट सावली त्याला चालते. रोप घेताना पालवी पाहा, नुसत्या पाटीवर जाऊ नका. घराच्या पायापासून किती अंतर ठेवायचं ते जागा पाहूनच ठरेल. जाणकाराला बोलवा.

प्रश्न: सावलीतल्या कुंपणावर कळलावी चालेल का? घरात दोन वर्षांची नात आहे. (चिपळूण)

नको. कळलावीला ऊन लागतं, आणि मुख्य म्हणजे ती सगळीच विषारी आहे, कंद तर फारच. कुणाच्या पोटात गेलीच तर ऐकीव उतारे करत बसू नका, झाडाचा तुकडा बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा.