तुमचा प्रश्न असा: टेक्सासमध्ये फराळाचा धंदा सुरू करतोय, पार्टनर सख्खा भाऊ आहे पण तो सध्या पुण्यात. डीबीए केलं की नाव आपलं होतं का? आणि भावाची सही ऑनलाइन नोटरीने चालते का?

नाही होत. डीबीए, म्हणजे ‘डूइंग बिझनेस ॲज’, ही फक्त वेगळ्या नावाने धंदा करतो अशी सरकारदरबारची नोंद. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, पण मला लिहायचंय कारण नेमकं हेच, फराळाचा धंदा, पुणे, नोटरी, सगळं आमच्या घरात होऊन गेलंय आणि त्यात माझा साडू आणि मी आज सात वर्षं बोलत नाही.

आम्ही ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहतो. २०१४ च्या दिवाळीत बायकोने पहिल्यांदा चिवडा, चकली, बेसनाचे लाडू ऑर्डरवर दिले. नाव माझ्या आईचं ठेवलं, आईचं नाव आणि पुढे फराळ, कारण सगळी मापं आईची होती, ती फोनवर सांगायची आणि बायको वहीत लिहायची. दुसऱ्या वर्षी ऑर्डरी वाढल्या तेव्हा साडू आला. त्याने चार हजार डॉलर घातले, पॅकिंगचं मशीन घेतलं, भाड्याच्या किचनचं आणि डिलिव्हरीचं तो बघायचा, नफा अर्धा अर्धा. कागद कसलाच नाही. घरातल्या घरात कोण कागद करतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये आईला अर्धांगाचा झटका आला आणि मी पुण्याला गेलो. त्याच आठवड्यात इकडच्या एका इंडियन ग्रोसरीवाल्याने सांगितलं की दिवाळीसाठी पाकिटं ठेवतो पण चेक धंद्याच्या नावाने देणार, म्हणजे बँकेत खातं पाहिजे आणि खात्यासाठी डीबीए पाहिजे. डीबीएचा फॉर्म काउंटी क्लार्ककडे द्यायचा असतो (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), त्यात सगळ्या मालकांची नावं पत्ते लिहायचे आणि प्रत्येकाने नोटरीसमोर सही करायची. मी तर पुण्यात हॉस्पिटलच्या बाकावर. टेक्सासमध्ये ऑनलाइन नोटरी तेव्हा नव्हतीच, तो कायदा पास झाला २०१७ ला आणि चालू झाला १ जुलै २०१८ पासून. व्हर्जिनियात २०१२ पासून होती, सगळ्यात आधी त्यांनी केली, पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये नोटरी करून देतात, एका शिक्क्याचे पन्नास डॉलर, पण अपॉइंटमेंट घेऊन बीकेसीला जायचं आणि आई आयसीयूत, मी गेलो नाही.

साडू फोनवर म्हणाला, दिवाळी तोंडावर आहे, सीझन जाईल, मी माझ्या एकट्याच्या नावावर करून टाकतो, तू आलास की तुझं नाव घालू, दहा मिनिटांचं काम आहे. मी हो म्हणालो. माझी चूक ती तेवढीच, आणि मी ती मान्य करतो.

मी नोव्हेंबरात परत आलो. नाव काही घातलं गेलं नाही. खरं तर टेक्सासच्या कायद्यात असं आहे की सर्टिफिकेटवरची माहिती महत्त्वाच्या बाबतीत बदलली तर साठ दिवसांत नवीन सर्टिफिकेट द्यावं लागतं, पण आम्हाला कुणाला माहीत होतं. जानेवारी २०१७ मध्ये आई गेली. मग मीही तो विषय काढला नाही, मला त्या नावाबद्दल बोलायचंच नव्हतं काही महिने.

ऑक्टोबर २०१८ ला कळलं की त्याने त्याच नावाची एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढली, तीनशे डॉलर फी भरून, सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, म्हणजे राज्याच्या कंपनी नोंदणीच्या ऑफिसात, एकट्याची. विचारलं तर म्हणाला, पेपर पहिल्यापासून माझ्याच नावावर आहेत, म्हणजे नाव माझं आहे. माझ्या आईचं नाव. आणि मेव्हणी शेजारी बसून ऐकत होती.

आता इथे तुमच्या प्रश्नाचा खरा मुद्दा आहे. डीबीए म्हणजे फक्त लोकांना कळावं की या नावामागे माणूस कोण आहे, उद्या कुणाला दावा लावायचा झाला तर कुणावर लावायचा. त्याची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. काउंटी क्लार्क नाव दुसऱ्या कुणाचं आहे का म्हणून तुम्हाला अडवत नाही, एकाच नावाचे दोन डीबीए एका काउंटीत असू शकतात. आणि एलएलसी काढताना स्टेटवाले फक्त बघतात की त्यांच्याकडे नोंदलेल्या दुसऱ्या कंपनीपेक्षा नाव वेगळं आहे ना, काउंटीतले डीबीए ते बघतच नाहीत. त्यात जून २०१८ पासून ती तपासणी अजून सैल झाली, आधी फसवं साम्य चालायचं नाही, आता नुसतं वेगळं ओळखू आलं तरी पास. म्हणजे साडूच्या हातातला एकही कागद त्याला नाव देत नव्हता. कायद्यातच लिहिलंय की नुसतं सर्टिफिकेट दाखल केल्याने दुसऱ्याच्या हक्काविरुद्ध नाव वापरायचा अधिकार मिळत नाही. नाव त्याचं, ज्याने ते आधी बाजारात वापरलं आणि ज्या नावाने गिऱ्हाईक ओळखतं. आणि ते २०१४ ला कुणी वापरलं, तर माझ्या बायकोने, आमच्या ओट्यावर.

तो असं का समजत होता तेही मला कळतं. पुण्यात त्याच्या वडिलांचं दुकान होतं, शॉप ॲक्टचं लायसन्स फ्रेम करून भिंतीवर, आणि घरात सगळे धरून चालायचे की ते लायसन्स म्हणजे नावाची मालकी. तिथेही तसं नाहीये. शॉप ॲक्ट हा कामगारांचे तास, सुट्ट्या यांचा कायदा आहे, २०१७ च्या नव्या कायद्यात तर कामगार थोडे असले की नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, त्या पावतीवर नाव छापलेलं असतं म्हणून नाव तुमचं होत नाही. महाराष्ट्रातले कितीतरी धंदेवाले अजून या भ्रमात आहेत.

जानेवारी २०१९ ला आम्ही वकील केला. तिने कागद मागितले तर बायकोने २०१४ च्या लेबलच्या छपाईचं बिल काढलं, गणपतीतल्या स्टॉलचे फोटो, जुने चेक, आणि ती वही. वकिलीणबाईंनी सरळ सांगितलं की आधी वापरल्याचा पुरावा चांगला आहे, पण टेक्सासमध्ये दोघांनी मिळून धंदा केला आणि नफा वाटून घेतला की लेखी काही नसलं तरी पार्टनरशिप झाली असं धरतात, तेव्हा २०१५ नंतर जे नाव कमावलं त्यात त्याचाही वाटा आहे असं तो म्हणू शकतो. ते ऐकून मला राग आला होता, पण ती बरोबर होती. शेवटी पत्रापत्रीतच मिटलं. आम्ही त्याचे चार हजार आणि त्या वर्षीचा नफ्याचा हिस्सा दिला, त्याने एलएलसीचं नाव बदललं आणि काउंटीतला डीबीए सोडल्याचा फॉर्म भरला. त्याच वर्षी मी स्टेटचा ट्रेडमार्क घेतला, पन्नास डॉलर एका क्लासचे, म्हणजे मालाच्या एका वर्गाचे, पाच वर्षं चालतो, २०२४ ला रिन्यू केला. हे पन्नास डॉलर २०१४ ला खर्च केले असते तर आज दोन बहिणी एकमेकींच्या घरी जात असत्या.

आता तुमच्या भावाच्या सहीचं. टेक्सासची ऑनलाइन नोटरी चालते, सही करणारा जगात कुठेही असला तरी, फक्त त्या वेळी नोटरी स्वतः टेक्सासमध्ये बसलेली पाहिजे. व्हिडिओवर समोरासमोर होतं, रेकॉर्डिंग त्यांना काही वर्षं ठेवावं लागतं, आणि ऑनलाइनचे म्हणून नेहमीच्या नोटरी फीच्या वर जास्तीत जास्त पंचवीस डॉलर घेता येतात. अडचण ओळखीची येते. पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर दाखवून भागत नाही, वरून ते अमेरिकेतल्या जुन्या पत्त्यांवर, कर्जांवर प्रश्न विचारतात, आणि भाऊ इथे कधी राहिलेलाच नसेल तर उत्तरं कुठून देणार. कायद्यात एक वाट आहे, नोटरी त्याला स्वतः ओळखत असेल तर चालतं, महाराष्ट्र मंडळात कुणी नोटरी असेल आणि खरंच ओळखत असेल तर बघा. नाहीतर कॉन्सुलेट. आणि काउंटी क्लार्कला आधी फोन करून विचारा की ऑनलाइन नोटरी केलेल्या कागदाची प्रिंट घेतात का.

एलएलसीच काढणार असाल तर कंपनीच्या नावापेक्षा वेगळ्या नावासाठी लागणारा डीबीए १ सप्टेंबर २०१९ पासून फक्त स्टेटकडे करायचा, पंचवीस डॉलर, काउंटीत जावं लागत नाही. डीबीए करूच नका असं मी म्हणत नाही बरं का, तो न करता वेगळ्या नावाने धंदा केला तर करार रद्द होत नाही पण तो केल्याशिवाय त्या धंद्याच्या व्यवहारावरून कोर्टात दावा चालवता येत नाही, आणि मुद्दाम टाळला तर गुन्हा आहे.

उलट्या बाजूचं एक सांगतो. इथे केलेली ऑनलाइन नोटरी पुण्यात फ्लॅटच्या पॉवर ऑफ ॲटर्नीला चालेल असं धरू नका. २०२१ ला आईचा फ्लॅट विकताना मी ती प्रिंट पाठवली आणि तिकडच्या वकिलाने परत केली, शाईची सही पाहिजे म्हणाला. मग इथे नोटरीसमोर बसून सही, ऑस्टिनहून पंधरा डॉलरचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी दाखला, आणि तिकडे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प ड्युटी, असं सगळं परत केलं.

मी वकील नाही, आणि हे सगळं टेक्सासचं आहे, न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात नियम वेगळे, तिकडचं मला विचारू नका. तुमचा भाऊ सख्खा आहे, साडू नाही, हेही मान्य. तरी फॉर्मवर दोघांची नावं आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय तो काउंटीत देऊ नका, नफ्याचं आणि नावाचं एका पानावर लिहून घ्या, आणि तुमच्यापैकी कुणी म्हणालं की दिवाळी तोंडावर आहे, सीझन जाईल, तर जाऊ दे तो सीझन.