विज्ञान शिकलेला माणूस ख्रिस्ती तत्त्वज्ञान कसं काय मानतो?

तुम्ही लिहिलंय की तुमचा मित्र एमएस्सी फिजिक्स करतो आणि दर रविवारी न चुकता चर्चला जातो. बुद्धीने चालणाऱ्या माणसाला हे जमतं कसं आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञानात विज्ञानाला काही जागा आहे का, हा तुमचा प्रश्न.

जागा आहे, आणि ती अलीकडे कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून ऐकावा लागलाय. स्टाफरूममध्ये, ‘मॅडम, तुम्ही सायन्सच्या, आणि तरी?’ आणि चर्चच्या मंडळीत, ‘तू विश्वासातली, आणि तरी मुलांना बिग बँग शिकवतेस?’ यातला दुसरा प्रश्न जास्त लागला, कारण तो घरातून आला.

लोडशेडिंगचे दिवस होते. नाताळच्या गाण्यांच्या सरावाला मंडळीतली मुलं आमच्याकडे जमायची. एका संध्याकाळी मधेच लाइट गेली, वह्यांतले शब्द दिसेनात, म्हणून मी सगळ्यांना गच्चीवर नेलं. गाव काळंकुट्ट झालेलं आणि एरवी साताऱ्यातून दिसत नाही एवढं आकाश उघडलेलं. शर्मिष्ठेच्या खुणेने मी त्यांना देवयानी दीर्घिका शोधून दिली. नुसत्या डोळ्यांना तो पुसट डाग वाटतो, माझ्याकडच्या बायनॉक्युलरमधून लांबट धुरकट ठिपका दिसतो. मुलांनी रांग लावली. मी सांगितलं, हा उजेड तिथून निघाला त्याला साधारण २५ लाख वर्षं झाली. सातवीतली एक मुलगी बायनॉक्युलर डोळ्यांवरून न काढताच म्हणाली, ‘पण टीचर, संडे स्कूलमध्ये तर जग सहा हजार वर्षांचं आहे असं सांगितलंय. मग हा उजेड निघाला कुठून?’

इतका स्वच्छ प्रश्न मला बारावीच्या वर्गातही क्वचित कुणी विचारलाय. मी म्हणाले, ‘सहा हजारांचा हिशोब माणसांनी मांडलेला आहे, आणि तो चुकलेला आहे.’ मग सगळ्यांकडून बायबलमधलं एकोणिसावं स्तोत्र म्हणून घेतलं, आकाश देवाचा महिमा सांगतं ते. थंडीत कुडकुडत, मोठ्याने म्हटलं मुलांनी.

त्या रविवारी उपासना सुटल्यावर थोरले काका घरी आले. काका चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीवर होते, संडे स्कूल, म्हणजे मुलांचे रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग, त्यांच्याच देखरेखीखाली चालायचं. काखेत पणजोबांचं इंग्रजी बायबल होतं, चामड्याची पाठ सुटलेलं. टेबलावर ठेवून त्यांनी पहिलंच पान उघडलं. उत्पत्ती या बायबलमधल्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाच्या बाजूला, समासात, बारीक टायपात छापलेलं होतं: बी. सी. ४००४. काकांनी त्यावर बोट टेकवलं. ‘वाच पोरी. देवाच्या वचनात छापलंय.’

‘काका, वचनात नाही, वचनाच्या शेजारी छापलंय,’ मी म्हणाले.

हा आकडा आला कुठून ते त्यांना सांगितलं, तुम्हालाही सांगते. जेम्स अशर नावाचे आयर्लंडमधले आर्चबिशप होते. त्यांनी बायबलमधल्या वंशावळ्या, राजांच्या कारकिर्दी आणि बाबिलोनी, ग्रीक, रोमन इतिहास ताडून हिशोब केला आणि १६५० साली पुस्तक काढलं. त्यांच्या मते सृष्टीची सुरुवात इसवी सनापूर्वी ४००४ च्या ऑक्टोबरात झाली. अशर मूर्ख नव्हते, त्या काळात हाताशी असलेली साधनं त्यांनी मेहनतीने वापरली. केप्लरनेही असाच हिशोब केला होता. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्रजी बायबल छापणाऱ्यांनी अशरचे आकडे समासात घालायला सुरुवात केली आणि वाचणाऱ्यांना ते वचनाचाच भाग वाटू लागले. म्हणजे काका ज्याला श्रद्धा म्हणत होते ते खरं तर सतराव्या शतकातलं संशोधन होतं, आणि संशोधन जुनं झालं की बदलावंच लागतं. भूगर्भशास्त्र उभं राहिलं तेव्हा ते बदललंही, आणि बदलणाऱ्यांत धर्मगुरू होते. पृथ्वीच्या इतिहासातल्या कॅम्ब्रियन कालखंडाला नाव देणारे भूगर्भशास्त्रज्ञ अ‍ॅडम सेजविक हे अँग्लिकन चर्चचे पाळक होते.

काका ऐकून घेतील असं मला वाटलं होतं. पुढच्या महिन्याच्या संडे स्कूलच्या शिक्षकांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मला कुणी काही बोललंही नाही. राग अजून आहे, पण तो माझ्या नावापेक्षा त्या मुलीसाठी जास्त आहे. प्रश्न विचारला की टीचर जाते, एवढंच तिच्या पदरात पडलं.

मग मी काकांना ऑगस्टिन वाचून दाखवला. सोळाशे वर्षांपूर्वीचा बिशप आणि ख्रिस्ती विचारवंत. उत्पत्तीवरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात तो अगदी रागाने लिहितो. त्याचं म्हणणं असं: पृथ्वी, आकाश, ताऱ्यांच्या गती, ग्रहणं यांबद्दल ख्रिस्ती नसलेल्या माणसालाही बुद्धीने आणि अनुभवाने पक्कं ज्ञान असतं. त्याच्यासमोर ख्रिस्ती माणूस बायबलचा हवाला देऊन या विषयांवर बाष्कळ बोलला तर ती लाजेची गोष्ट आहे, कारण मग मेलेल्यांच्या पुनरुत्थानाबद्दल आपलं कोण ऐकेल? काका म्हणाले, ‘ते कॅथलिकांचं आहे.’ मी म्हणाले, आपल्या प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा लूथर याच ऑगस्टिनचं नाव लावणाऱ्या संघातला साधू होता. वाटाण्यांवर प्रयोग करून १८६६ मध्ये आनुवंशिकतेचा निबंध छापणारा मेंडेलही त्याच संघातला. काका गप्प बसले. पटलं म्हणून नाही, जेवायची वेळ झाली म्हणून.

तुमच्या प्रश्नाचं तात्त्विक उत्तर मात्र ऑगस्टिनपेक्षा थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाकडे आहे. सत्य कुठूनही आलेलं असो, त्याचा उगम एकच, त्यामुळे खरी श्रद्धा आणि खरं ज्ञान यांचं भांडण होऊच शकत नाही, असं तो मानतो. भांडण दिसलं तर एक तर आपला तर्क चुकला किंवा आपण बायबल चुकीचं वाचलं. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात, पृथ्वी गोल आहे हे खगोलशास्त्रज्ञ एका रीतीने सिद्ध करतो आणि निसर्गाचा अभ्यासक दुसऱ्या रीतीने, असं उदाहरण तो सहज देऊन जातो. तेव्हा ‘मध्ययुगात चर्च पृथ्वी सपाट मानायचं’ हे वाक्य स्टाफरूममध्ये कुणी फेकलं तर त्याला हे दाखवा.

आणि अक्वायनसचं मला सगळ्यात भावलेलं म्हणणं वेगळंच आहे. विश्वाला सुरुवात होती हे तो श्रद्धेने मानतो, पण नुसत्या बुद्धीने ते सिद्ध करता येत नाही असं ठामपणे सांगतो. कारण त्याच्या लेखी निर्मिती म्हणजे फार पूर्वी एकदा घडलेली घटना एवढंच नव्हे. जे काही आहे ते या क्षणीही देवामुळे आहे, असा त्याचा अर्थ. हे एकदा समजलं की विश्वाचं वय सहा हजार निघो की १३.८ अब्ज, विश्वासाच्या मुळाला काही होत नाही. मी वर्गात विश्वाचं वय शिकवते तेव्हा मला मनात कप्पे करावे लागत नाहीत. तुमच्या मित्रालाही बहुधा लागत नसतील.

काही वर्षांनी काकांनीच मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड पाठवलं: बिग बँगमुळे बायबल खरं ठरलं! म्हणजे विज्ञान आपल्या बाजूचं वाटलं की घ्यायचं, नाही तर मुलांना गच्चीवरून खाली आणायचं. मी त्यांना जॉर्ज लमेत्र यांची गोष्ट लिहून पाठवली. हे बेल्जियमचे कॅथलिक पाद्री आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ मध्ये मांडलं आणि १९३१ मध्ये आदिम अणूची, म्हणजे ज्यातून पुढे बिग बँगचा सिद्धांत उभा राहिला ती कल्पना पुढे केली. दीर्घिका जितकी लांब तितकी ती वेगाने दूर जाते, हे सांगणाऱ्या हबलच्या नियमाला २०१८ पासून हबल-लमेत्र नियम म्हणावं अशी खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात या सिद्धांताकडे निर्मितीची साक्ष म्हणून बोट दाखवलं. तेव्हा नाराज झाले ते खुद्द लमेत्र. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून वेगळा आहे, मानणारा आणि न मानणारा दोघांनाही तो मोकळा आहे, ही त्यांची भूमिका होती. पाद्री असून हातात आलेला पुरावा त्यांनी धर्मासाठी वापरू दिला नाही. माझ्या लेखी ही श्रद्धेतली ताकद आहे. काकांची निळी टिक आली, उत्तर नाही आलं.

काकांची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. इंजिनाचा आवाज बदलला की उघडून पाहिल्याशिवाय त्यांनी गाडी मार्गावर सोडली नाही, आणि रोज सकाळी प्रार्थना केल्याशिवाय डेपोत पाऊल ठेवलं नाही. तपासणं म्हणजे अविश्वास हे त्यांना तिथे कधीच वाटलं नाही. मग संडे स्कूलच्या मुलांनीच का तपासू नये?

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही गप्प बसून मान डोलावणं नव्हतं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या त्रैक्याच्या सिद्धांतावरून तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घातला. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शेवटची वर्षं आमच्या साताऱ्यात काढली, १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ इथेच सुरू केला. तेही वाचत, वाद घालत, घासून बघत ख्रिस्ताकडे आलेले. या माणसांचे वारस म्हणवायचं आणि सातवीतल्या मुलीच्या प्रश्नाला घाबरायचं, हे मला मान्य नाही.

आता माझ्या बाजूला न शोभणारं. कोपर्निकसच्या ग्रंथावर चर्चने १६१६ मध्ये बंदी घातली आणि तो निषिद्ध यादीतून निघायला १८३५ उजाडलं. गॅलिलिओला १६३३ मध्ये दोषी ठरवलं, १६४२ मध्ये तो मेला तो नजरकैदेतच. पोप दुसरे जॉन पॉल यांनी चूक मान्य केली ती १९९२ मध्ये. चर्चच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्या ब्रूनो या तत्त्वज्ञावरचे बरेच आरोप धर्मसिद्धांताचे होते हे खरं, पण माणसाला जिवंत जाळलं याचं त्याने समर्थन होत नाही. एवढंच लक्षात ठेवा की गॅलिलिओ स्वतः श्रद्धावान होता, आणि १६१५ च्या पत्रात बचावासाठी त्याने ऑगस्टिनच पुढे केला होता. भांडण त्याच घरातलं होतं. शिवाय सगळे ख्रिस्ती विचारवंत एका सुरात बोलत नाहीत. अथेन्सचा जेरुसलेमशी, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानाचा ख्रिस्ती श्रद्धेशी संबंध काय, असं विचारणारा सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक तर्तुलियनही आमचाच. आणि मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, प्रॉटेस्टंट आहे. कॅथलिक वाचकांना माझ्या मांडणीत काही खटकलं तर जरूर लिहावं.

मित्राला विचारायचंच असेल तर ‘फिजिक्सवाला असून हे कसं मानतोस’ असं विचारू नका. त्या प्रश्नात उत्तर आधीच ठरवून टाकलेलं असतं. येशू मेलेल्यांतून उठला हे तू कशावरून मानतोस, असं सरळ विचारा. खरा वादाचा मुद्दा तो आहे. विश्वाच्या वयाचं गणित तिथे कामाला येत नाही, आणि बुद्धी तिथवर एकटी पोचते असं मीही म्हणणार नाही. माझं उत्तर हवं असेल तर तो प्रश्न इथे वेगळा टाका, मी लिहीन.