आजोबांच्या म्हाळाला फौजी का येतात?

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा रत्नागिरीच्या घरी आजोबांचा म्हाळ होता. तो फोनवर पाहताना तू विचारलंस, "आजोबा फौजेत नव्हते. ते म्हातारे सैनिक आपले नातेवाईकही नाहीत. मग ते जेवायला का आले? आणि त्या काकांनी फोटोला सॅल्यूट का केला?" फार चांगलं विचारलंस. घाईत काहीतरी सांगण्यापेक्षा लिहून देते.

आधी म्हाळाचं. भाद्रपदातल्या पौर्णिमेनंतरचे पंधरा दिवस पितरांचे. माणूस ज्या तिथीला गेला, त्या तिथीला आपल्याकडे घरात म्हाळ घालतात. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळूची भाजी, खीर. कावळ्याला वाडी ठेवायची, गाईचं पान काढायचं आणि मग पंगत बसवायची. भटजी पिंड देताना वडिलांकडची, आईकडची, सासरची माणसं सांगतात. त्यानंतर गुरू, मित्र आणि आप्त येतात. शेवटी एक धर्मपिंड असतो, ज्यांना पाणी द्यायला मागे कुणीच उरलं नाही त्यांच्यासाठी. म्हणजे रक्ताचं नातं नसलेल्यांना म्हाळात पहिल्यापासून जागा आहे. अण्णांनी, तुझ्या आजोबांनी, ती जागा फार मोठी करून ठेवली.

अण्णा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लिपिक होते. नोकरी लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी हेच काम केलं. माजी सैनिक, त्यांच्या बायका, म्हातारे आईवडील यांची पेन्शन, मुलांच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहातले प्रवेश, 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी, सगळं त्या कार्यालयातून चालतं. 1981 साली सिंधुदुर्ग वेगळा झाला, तोवर रत्नागिरी जिल्हा मंडणगडापासून थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत होता. आणि कोकणात फौजी काही थोडे नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीत, महार रेजिमेंटमध्ये, नौदलात पिढ्यान्‌पिढ्या माणसं गेली आहेत. दापोलीला अजूनही जुनी माणसं 'कॅम्प' म्हणतात, कारण तिथे इंग्रजांची छावणी होती. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीलाच राहिले होते.

यात अडचण कुठे यायची, सांगते. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहितात. पण मुलगा रजेवर येऊन लग्न करायचा, परत जाऊन पलटणीत बायकोचं नाव लिहून द्यायचा, ते कधी माहेरचं, कधी सासरचं, कधी घरात हाक मारायचं. फौजेत लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये होते, आणि पुढे तीच धरून चालतात. नवरा गेला की ती बाई कार्यालयात येऊन उभी राहायची. रेशनकार्डावर एक नाव, फौजेच्या कागदावर दुसरं. पेन्शन अडलेली. मग प्रतिज्ञापत्र करा, सरपंचाचा दाखला आणा, शाळेत गेली असेल तर तिथला उतारा शोधा. मराठा पलटणीचे कागद बेळगावला पाठवायचे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, नौसैनिकांचे मुंबईत मानखुर्दला. उत्तराला महिने लागायचे. ज्या बाईने तालुक्याचं गावही पाहिलेलं नाही, तिने हे कसं करावं? म्हणून अण्णा एसटीने तिच्या गावी जायचे. ओटीवर बसून तिचं सगळं ऐकून घ्यायचे आणि स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहायचे.

ज्यांनी सॅल्यूट केला ते सुभेदार काका अशाच एका बाईचे मुलगे, खेडकडचे. वडील गेले तेव्हा ते शाळेत होते. त्यांच्या आईची पेन्शन नावापायी अडली होती, ती अण्णांनी सोडवली. काकांना सैनिकी मुलांच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली. पुढे ते स्वतः भरती झाले. त्यांनी आधी पिशवीतून टोपी काढून डोक्यावर घातली, हे तू पाहिलंस का? फौजेत टोपीशिवाय सॅल्यूट करत नाहीत.

तुला वाटेल, एवढं काम करणारा माणूस घरी कधी असेल! पण अण्णा आम्हाला भरपूर मिळाले. दौऱ्यावरून कितीही उशिरा आले तरी माझी वही पाहिल्याशिवाय जेवत नसत. आजीला दम्याचा त्रास व्हायचा, तेव्हा रात्र रात्र तिच्या पाठीशी बसून राहत आणि सकाळी चूल तेच पेटवत. सुट्टीत मला दौऱ्यावर न्यायचे. खरं तर त्यांचं घर आणि काम वेगळं काढणंच कठीण. परतीची एसटी चुकलेली कितीतरी माणसं आमच्या पडवीत झोपली आहेत. आजीने त्यांच्यासाठी भाकऱ्या थापल्या, काही विचारलं नाही. अण्णांच्या नोकरीत निम्मी नोकरी आजीची होती असं मी म्हणते, आणि ते तिला कुणी कधी म्हटलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

पितृपक्षातली चतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांची. मृत्यूची तिथी कुठलीही असो, त्यांचं श्राद्ध त्या दिवशी करतात. आमच्या घरात कुणी लढाईत गेलेलं नाही, तरी अण्णा त्या दिवशी एक पान वाढायला लावत. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांची. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ 'खुकरी' युद्धनौका बुडाली. तिच्यावरचे 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. समुद्रकाठच्या घरांना ही बातमी काय असते, हे अण्णा मला अमावास्येचं पान वाढताना सांगायचे. समुद्रात गेलेल्याचा देह घरी येत नाही, म्हणून बाई कित्येक वर्षं कुंकू पुसत नाही. तिला कुणी घाई करू नये, असं ते म्हणत.

अण्णा गेल्यावर पहिल्या म्हाळाला आम्ही कुणालाच बोलावलं नव्हतं, आणि तरी ही माणसं आली. खेडहून, मंडणगडहून, स्वतःच्या खर्चाने. कुणी तांदूळ आणले, कुणी नारळ. भटजींनी आप्तांची नावं विचारली तेव्हा आम्ही या माणसांकडे बोट दाखवलं. तेव्हापासून दरवर्षी त्यांची पंगत असते.

पुढच्या भाद्रपदात आपण जाऊ. वडे वाढायचं काम तुझं. सुभेदार काकांना वाकून नमस्कार कर आणि त्यांच्या आईबद्दल विचार. नव्वदीच्या पुढे आहेत, पण पेन्शनचा पहिला मनीऑर्डरवाला दारात आला तो दिवस त्या अजून सांगतात.

तुझी,
आई