जिन्यावरचे डाग : आधी ओळख, मग पॉलिश पेपर

प्रश्न : घराचं बांधकाम चालू असताना सागवानी जिना तीन महिने प्लास्टिकने झाकून ठेवला होता. आता काढून बघतो तर पायऱ्यांवर पांढरट पट्टे, कठड्याखाली तपकिरी ओघळ आणि मधल्या दोन पायऱ्यांवर निळसर काळे ठिपके. सगळं घासून पुन्हा पॉलिश करावं का?

उत्तर : लगेच घासू नका, एवढी कळकळीची विनंती. लाकडाच्या पॉलिशचं काम करताना मी चांगल्या जाड पायऱ्या नुसत्या घाईपायी झिजलेल्या पाहिल्या आहेत. तुमच्याकडचे तिन्ही डाग वेगळे आहेत, त्यांचे उपायही वेगळे.

पांढऱ्या पट्ट्यावर ओलं फडकं फिरवा. डाग दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत उमटला, तर लाकडाच्या रेषांत सिमेंटची पूड बसली आहे. ती मऊ ब्रशने, मग ओल्या फडक्याने काढा. ओलं करूनही दुधी झाक तशीच राहिली, तर प्लास्टिकखाली कोंडलेला दमटपणा पॉलिशमध्ये शिरला आहे. खिडक्या उघड्या ठेवून काही दिवस वाट पाहा, बऱ्याचदा झाक आपणहून जाते. न गेल्यास, पॉलिश लाखेचं असेल तर स्पिरिटचा जेमतेम ओलसर बोळा हलक्या हाताने एकदाच फिरवा.

तपकिरी ओघळ ओल्या सिमेंटच्या पाण्याचे. ते पाणी तीव्र अल्कली असतं, त्याने लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट नैसर्गिक द्रव्य, गडद होतं. पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून लावा, मग साध्या पाण्याने पुसा. डाग फिका होईल, पूर्ण जाईलच असं नाही.

काळ्या ठिपक्यांपाशी खरा धीर लागतो. ग्रिल कापताना उडालेला लोखंडाचा कीस ओल्या लाकडावर पडला की लोखंड आणि टॅनिन मिळून शाईसारखा रंग तयार होतो. हा डाग आत उतरतो. घासत गेलात तर खळगा पडतो आणि ठिपका तळाशी तसाच. तारेची घासणी तर मुळीच नको, तिचे तुटलेले कण नवे ठिपके पाडतात. यावर उपाय ऑक्झॅलिक ॲसिडचा. पायरीचं पॉलिश आधी उतरवा आणि सिमेंट पूर्ण धुऊन काढा, कारण सिमेंटमधल्या चुन्याशी गाठ पडली की या ॲसिडचा न विरघळणारा पांढरा थर बसतो. प्लास्टिकच्या भांड्यात लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅमच्या आसपास विरघळवा आणि फक्त ठिपक्यांवर न लावता पूर्ण पायरीवर लावा, नाहीतर फिकट चट्टे उठतील. पंधरा-वीस मिनिटांत काळेपणा उतरू लागतो. गरज पडली तर पुन्हा लावा. हे ॲसिड विषारी आहे : हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांना लांब ठेवा. शेवटी पायरी तीन-चारदा भरपूर पाण्याने पुसून घ्या. वाळलेले कण उरले तर पुढे घासताना ते नाकातोंडात जातात.

पायरी आतपर्यंत वाळू द्या, वरवर कोरडी वाटली म्हणून फसू नका. मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने हलकं घासा. पॉलिश तुकड्यातुकड्याने न करता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अख्ख्या पायरीला करा. आणि एकाआड एक पायरी घ्या, म्हणजे वाळेपर्यंत घरच्यांना जपून का होईना, वर-खाली करता येईल.