वाचक विचारतात: परक्या राजाच्या पदरचे सरदार

प्रश्न : महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन हा युरोपीय सेनानी होता, हे आम्हा ग्वाल्हेरकरांना ठाऊक आहे. मध्ययुगात युरोपातले उमरावही असे परक्या राजाकडे चाकरीला जात का? पगार किती मिळे? घोडा मेला तर भुर्दंड कोणाला?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : जात, आणि त्यात कमीपणा नसे. वॉल्टर मॅनीचंच घ्या. हा एनो परगण्यातला, म्हणजे आजच्या बेल्जियम-फ्रान्स सीमेवरचा. तिथली फिलिपा १३२७ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डशी लग्नासाठी निघाली, तिच्या लवाजम्यात तो आला आणि तिकडचाच झाला. १३३१ मध्ये नाइट (किताबधारी घोडेस्वार सरदार), १३५९ मध्ये मानाच्या गार्टर मंडळात.

पगार रोजावर. नाइटला २ शिलिंग, स्वतःचं निशाण बाळगणाऱ्या बॅनरेटला ४, साध्या चिलखती स्वाराला १, घोड्यावरच्या तिरंदाजाला अर्धा. करार एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहीत आणि मधून नागमोडी कापत. एक तुकडा राजाकडे, दुसरा सरदाराकडे. तंटा झाला की कडा जुळवून बघायच्या. जुळल्या नाहीत तर दस्त खोटा.

घोड्याचं विचारलंत हे बरं केलंत, खरी गंमत तिथेच आहे. आपल्या शिलेदारासारखा नाइटही घोडा घरचाच आणी. मोहिमेच्या सुरुवातीला राजाचे कारकून मालकाचं नाव, घोड्याचा रंग आणि ठरवलेली किंमत यादीत उतरवत. पगारही सहसा त्या दिवसापासून धरत, त्यामुळे नोंदणीला उशीर म्हणजे रोजावर पाणी. नोंदलेला घोडा मोहिमेत मेला की ती किंमत राजाने भरायची. १२९८ च्या फॉलकर्क लढाईच्या याद्यांत कित्येक घोड्यांपुढे मेल्याचा शेरा तारखेसकट आहे: २२ जुलै. घोडा १० पौंडांचा असेल तर ते नाइटचे १०० दिवसांचे पैसे झाले (पौंडाचे शिलिंग २०). चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही भरपाई बंद पडली.

राहिला पगार, तर तो थकायचाच. खरी कमाई कैद्यांच्या खंडणीची. १३३७ मध्ये कॅडझँड बेटावरच्या छाप्यात मॅनीने फ्लँडर्सच्या काउंटचा सावत्र भाऊ गी आणि इतर काही जण पकडले. पुढे एडवर्डने ते कैदी ८,००० पौंडांना विकत घेतले. बॅनरेटच्या रोजाने एवढी रक्कम जमवायला १०० वर्षंही पुरली नसती!

प्रश्न : असे सरदार म्हातारपणी मायदेशी परतत का?
— एक वाचक, मुरार

उत्तर : काही परतत. मॅनी नाही परतला. १३४९ च्या प्लेगमध्ये मृतांना पुरायला त्याने लंडनच्या वेशीबाहेर जमीन मिळवून दिली, १३७१ मध्ये तिथेच कार्थुजियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ स्थापला आणि १३७२ च्या जानेवारीत वारल्यावर त्यालाही तिथेच पुरलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उत्खननात त्याची शिशाची शवपेटी सापडली. आत पोप सहाव्या क्लेमेंटची शिशाची मोहर होती.