मेल खरा की खोटा, हे ठरवायचं तरी कसं?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं आहे, तिच्या नावाने परवा मेल आला : ‘तुमचं लायसन्स २४ तासांत बंद होईल, खालच्या लिंकवर जाऊन पडताळणी करा.’ कंपनीचा लोगो होता, आमच्या कारखान्याचं नाव आणि जीएसटी नंबरही बरोबर होता. मी लिंक उघडली नाही. पण मागच्या महिन्यात असाच एक मेल खोटा समजून काढून टाकला आणि तो खरा निघाला. ट्रान्सपोर्टवाल्याचं बिल राहून गेलं आणि मालक सगळ्यांसमोर बोलले. आता कुठलाही मेल उघडताना हात थांबतो. न मागता आलेल्या मेलमधल्या लिंकवर विश्वास ठेवावा का? खरं-खोटं ओळखायची एखादी खात्रीची खूण असते का? (नाव छापू नये.)

उत्तर : लिंक उघडली नाहीत, हे योग्य केलंत. मालकांच्या बोलण्याकडे मी शेवटी येते, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच आहे.

खात्रीची खूण नाही. बँकेत ३२ वर्षं काढून मी हे सांगते आहे. लोगो कुणालाही उचलता येतो. पाठवणाऱ्याचं नाव तो स्वतःच टाइप करतो, वाटेल ते घालू शकतो. जीएसटी नंबर तुमच्या प्रत्येक बिलावर छापलेला असतो, तेव्हा तो माहीत असणारा माणूस ओळखीचा ठरत नाही. वेबसाइट उघडल्यावर पत्त्याशेजारी जे कुलपाचं चित्र दिसतं, त्याबद्दल तर मला एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. अनेक वर्षं मी काउंटरवर ग्राहकांना सांगत होते, ‘कुलूप दिसलं की निर्धास्त राहा.’ ते चूक होतं. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुम्ही आणि ती वेबसाइट यांच्यातलं बोलणं वाटेत कुणी ऐकू शकत नाही. पलीकडे बसलाय कोण, हे कुलूप सांगत नाही. आज चोरांच्या वेबसाइटलाही ते फुकट मिळतं.

तरीही लिंक वाचायला शिका, ते उपयोगाचं आहे. मोबाइलवर लिंकवर बोट दाबून धरलं की पूर्ण पत्ता दिसतो. कॉम्प्युटरवर माउस नुसता वर नेला, क्लिक केलं नाही, तरी खाली कोपऱ्यात दिसतो. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, पुढची पहिली एकेरी रेघ शोधा आणि तिथून उलटं वाचा, उजवीकडून डावीकडे. पाकिटावरचा पत्ता आठवा. वरच्या ओळीत बंगल्याचं नाव काहीही असो, पत्र जातं शेवटच्या ओळीतल्या गावाला. खाली ४१३००१ लिहिलं तरच ते सोलापुरात येणार. लिंकमध्ये तुमच्या कंपनीचं नाव अगदी पुढे असेल आणि रेघेच्या आधी ‘लायसन्स-व्हेरिफाय डॉट कॉम’ असेल, तर ते घर लायसन्स-व्हेरिफायवाल्याचं. कंपनीचं नाव दारावर नुसतं रंगवलेलं आहे. शेवटी ‘डॉट को डॉट इन’ असेल तर आणखी एक शब्द मागे जाऊन बघा. आणि अक्षरं सावकाश वाचा. इंग्रजी आर आणि एन शेजारी-शेजारी बसले की घाईत एम दिसतो.

दोन शेवट लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सरकारी वेबसाइटचा पत्ता बहुतेक वेळा ‘डॉट गव्ह डॉट इन’वर संपतो. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितलं होतं, आणि तो शेवट फक्त बँकांनाच मिळतो.

पण मागच्या महिन्यात तुमची अडचण झाली ती इथेच. खऱ्या कंपन्या स्वतः मेल पाठवतातच असं नाही. बिलं, स्मरणपत्रं, सर्व्हे हे काम त्या दुसऱ्या कंपनीला देतात. मग मेल येतो अनोळखी पत्त्यावरून, लिंकही लांबलचक आणि अनोळखी, भाषा मोडकी. असा खरा मेल दिसतो अगदी खोट्यासारखा. उलट नीट तयारी करून पाठवलेला खोटा मेल खऱ्याहून देखणा असतो. मेलकडे बघत बसून निकाल लावायचा म्हटलं, तर तुम्ही कधी ना कधी चुकणारच, आणि दोन्ही बाजूंनी चुकणार. म्हणून निकाल लावूच नका. मेल काढूनही टाकू नका. त्यातला फक्त निरोप घ्या, ‘लायसन्स संपतंय म्हणे’, आणि स्वतःच्या वाटेने जाऊन बघा. लिंक ही त्यांची वाट. सॉफ्टवेअर उघडलं की लायसन्सची मुदत आतच दिसते. नसेल दिसत तर ज्या डीलरचा माणूस येऊन ते बसवून गेला, त्याला फोन करा. त्याचा नंबर जुन्या बिलावर असेल. मेलमध्ये दिलेला नंबर वापरू नका, तो उचलणारा त्यांचाच असतो. ट्रान्सपोर्टवाल्याच्या बाबतीतही, बिल्टीवरच्या नंबरला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

‘आमच्या टॉवेलच्या कारखान्यात कोण कशाला येईल’ असं मालकांना वाटत असेल, तर हे त्यांना वाचून दाखवा. मी निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. आमचे एक जुने ग्राहक आखातात टॉवेल पाठवायचे. कंटेनर गेला, माल पोचला, पेमेंट येईना. ते रोज शाखेत येऊन विचारायचे, ‘मॅडम, आज आले का?’ शेवटी पार्टीला फोन लावला, तर पार्टी म्हणाली, पैसे तर कधीच दिले, तुम्हीच कळवलेल्या नव्या खात्यात. ‘खातं बदललं आहे’ हा मेल गेला होता तो कारखान्याच्या खऱ्या मेलवरून. पार्टीने पत्ता तपासला असता तरी बरोबरच दिसला असता. मागे जाऊन बघितलं तेव्हा कळलं, की काही आठवड्यांपूर्वी ‘मेलबॉक्स भरला आहे, पासवर्ड टाका’ अशी लिंक आली होती आणि हिशेब बघणाऱ्या मुलाने पासवर्ड टाकला होता. चोराने लगेच काही केलं नाही. तो आत बसून मेल वाचत राहिला, आणि त्या पार्टीचे मेल गुपचूप दुसऱ्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय करून ठेवली. आखातातून विचारणा आली ती कारखान्यातल्या कुणाला दिसलीच नाही.

ते पैसे परत आले नाहीत. तो मुलगा चोवीस-पंचवीसचा होता. मी त्याला शाखेत खाली मान घालून बसलेला पाहिलं आहे. त्याने मला सांगितलं, ‘मॅडम, त्या दिवशी मला शंका आली होती. पण विचारलं असतं तर म्हणाले असते, एवढंही कळत नाही का.’

तुमच्या मालकांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्याकडची ही मुलगी लिंक उघडायच्या आधी थांबते, तुमच्यासाठी थांबते. तिला ओरडू नका. ‘साहेब, हा मेल जरा बघता का’ असं तिने दिवसातून पाच वेळा विचारलं तरी पाचही वेळा बघा. आणि कुठल्याही पार्टीचं खातं बदलल्याचा मेल आला, तर जुन्या नंबरवर बोलून आवाज ओळखल्याशिवाय रुपया सोडू नका.

प्रश्न : कुरिअर कंपनीच्या नावाने मेल आला, की पत्ता अपुरा आहे, २५ रुपये भरा. पार्सल खरंच यायचं होतं म्हणून लिंकवर कार्ड नंबर आणि ओटीपी दिला. लगेच शंका आली. आता काय करू? (एक निवृत्त शिक्षक, होटगी रोड)

उत्तर : सर, अंक छापून येईपर्यंत उशीर झाला असता, म्हणून तुम्हाला त्याच दिवशी फोनवर सांगितलं. इथे बाकीच्यांसाठी लिहिते. आधी कार्ड बंद करायचं. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे असतो, तोच लावायचा. पैसे गेले असतील तर लागलीच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ सांगायची. तक्रार ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वरही करता येते. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या हातून ओटीपी गेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून मुलगा संध्याकाळी घरी येईल, मग बघू, असं करायचं नाही. तक्रारीचा नंबर वहीत लिहून घ्यायचा. कार्डाऐवजी मेलचा पासवर्ड दिला असेल, तर तो दुसऱ्या फोनवरून बदलायचा, सगळीकडून लॉगआउट करायचं आणि आपले मेल दुसरीकडे कुठे वळवले जात नाहीत ना, हे सेटिंगमध्ये बघायचं. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरत असाल तर तिथेही बदलायचा.

तुम्ही पत्राच्या शेवटी ‘या वयात असं व्हायला नको होतं’ असं लिहिलं आहे. सर, पार्सल खरंच येणार होतं, त्यामुळे हा मेल कुणालाही खरा वाटला असता. घरी सगळ्यांना सांगा, सुनेला आणि नातवंडांनाही. पुढचा तसाच मेल त्यांच्या फोनवर येऊ शकतो.